विचारा तर खरं : शेवटची कॉपी

गेल्या महिन्यात याच पानावर मारल्या गेलेल्या पत्रकारांवरच्या माहितीपटांचा चार ओळींत उल्लेख केला होता. त्यावर पत्रं आली अकरा. पाककृतींच्या पानालाही एवढी येत नाहीत, असं संपादकीय खात्यातून कळवण्यात आलं, जरा नाराजीनंच. त्यातली सहा इथं घेतली आहेत. उरलेल्यांत दोन कविता होत्या. त्या कवितांच्या खात्याकडे दिल्या, पुढचं ते बघतील.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते. पुण्यातल्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. खिळ्यांच्या जमान्यात लागले आणि पीडीएफवर निवृत्त झाले. आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-पंधरा जण नारायण पेठेतल्या एका मैत्रिणीच्या चित्रकलेच्या क्लासात जमतो आणि माहितीपट बघतो. मी सिनेमातली तज्ज्ञ नव्हे. उत्तरं त्याच बेतानं घ्यावीत.

ताई, मी पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहे. होस्टेलवर आम्ही चौघींनी सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्यावरचा ‘द डिसिडेंट’ बघितला. एक जण रडली. पण दुसऱ्या दिवशी मला त्यातली फक्त ती इमारत आणि बाहेरचे लोखंडी कठडे आठवत होते. असे आणखी कोणते माहितीपट बघू आणि कोणत्या क्रमानं? आई ही फिल्म बघितल्यापासून कोर्स बदल म्हणून मागे लागली आहे.
— एक विद्यार्थिनी, फर्ग्युसन रस्ता

आईचं शेवटी बघू.

तुला कठडे आठवतात, कारण कॅमेऱ्यांना त्या दिवसाचं तेवढंच मिळालं होतं. २ ऑक्टोबर २०१८. दुपारी सव्वाच्या सुमाराला खशोगी इस्तंबूलमधल्या सौदी वकिलातीत शिरले. लग्नासाठी एक कागद हवा होता. आपण दाखल्यासाठी तहसील कचेरीत जातो, तितकं साधं काम. होणारी बायको हतीजे जंगीझ त्यांचे फोन सांभाळत बाहेर थांबली होती. ते बाहेर आले नाहीत. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही.

आता मला सांग, ते काय लिहीत होते? तीन वाक्यांत सांग. फिल्म संपली की आमच्या रविवारच्या मंडळींना मी हा एकच प्रश्न विचारते, आणि बहुतेक वेळा सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. मारेकरी किती होते, विमान कुठून आलं, हे सगळ्यांना पाठ असतं. ज्यापायी माणूस गेला, तो मजकूर कुणालाच सांगता येत नाही.

खशोगींचा शेवटचा स्तंभ ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये १७ ऑक्टोबरला छापून आला, म्हणजे ते गेल्यानंतर पंधरा दिवसांनी. त्यांच्या संपादक कॅरन अटिया यांनी वर चार ओळींची टीप जोडली होती. ते बेपत्ता झाल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या अनुवादक-मदतनिसाकडून ही कॉपी, म्हणजे छापायचा मजकूर, आली. जमाल परत येतील आणि नेहमीसारखं दोघं मिळून तिच्यावर हात फिरवू, या आशेवर ती थांबवून ठेवली होती. ही टीप वाचताना मी चष्मा काढून ठेवला. डेस्कवर काम केलेल्या माणसाला हे पोटात लागतं. कॉपी समोर आहे, एका शब्दाशी शंका आहे, आणि विचारायला लेखक नाही.

आणि त्या स्तंभात होतं काय? राजावर आगपाखड वगैरे काही नाही. एका अहवालानुसार सगळ्या अरब जगात ‘मुक्त’ म्हणता येईल असा देश एकच, ट्युनिशिया. तुरुंगात टाकलेल्या एका सौदी लेखकाचा उल्लेख आहे. इजिप्तमध्ये एका वृत्तपत्राचा छापलेला अंकच जप्त झाल्याचं आहे. शेवटी मागणी अशी, की अरबी माणसाला आपल्या भाषेत, सरकारच्या तालावर न नाचणारं काहीतरी वाचायला मिळावं. बस. आधी हे वाच आणि मग फिल्म पुन्हा लाव. कठडे मागे पडतील.

क्रम विचारलास, तर मी ‘द डिसिडेंट’ शेवटी ठेवीन. सुरुवात कर २००३ च्या ‘द अ‍ॅग्रोनॉमिस्ट’पासून. जोनाथन डेमी या अमेरिकी दिग्दर्शकानं केलेला आहे. विषय हैतीमधला जाँ दोमिनिक. शिकला शेतकी, पण नंतर रेडिओ स्टेशन विकत घेतलं आणि आयुष्यभर ते चालवलं. हैतीत कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच, चुलीपुढची क्रेओल. या पठ्ठ्यानं बातम्या क्रेओलमध्ये दिल्या. शेतकऱ्याला पहिल्यांदा कळलं की राजधानीत आपल्या नावावर काय चाललंय. दोनदा देश सोडून जावं लागलं, १९८० मध्ये आणि १९९१ मध्ये. पहिल्या वेळेनंतर परत आला तेव्हा विमानतळावर हजारोंची गर्दी लोटली होती. ३ एप्रिल २००० ला स्टेशनच्या आवारात त्याला गोळ्या घातल्या, आणि स्टेशनवरच्या एका कर्मचाऱ्यालाही.

पण मी ही पहिली का सांगतेय? कारण डेमीनं त्याला जिवंतपणी, वर्षानुवर्षं चित्रित केलं होतं. त्यामुळे पडद्यावर दीड तास एक माणूस बोलतो. पाइप हातात, भुवया वर, मधेच हसतो, मधेच आवाज एकदम खाली आणतो. नाटकवाल्यांनी त्याच्यावरून वाचिक अभिनय शिकावा. तो मारला जाणार आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि तरी मधली वीस-वीस मिनिटं आपण ते विसरतो. बरोबर एक महिन्यानं, ३ मे ला, त्याची बायको मिशेल मोंतास हिनं स्टेशन पुन्हा सुरू केलं. पुढे २००२ च्या नाताळात तिच्या अंगरक्षकाला मारलं, आणि २००३ च्या फेब्रुवारीत तिला ते बंद करावं लागलं. याचा कुणी सिनेमा केला असता तर स्टेशन सुरू झालं तिथंच संपवला असता.

दुसरी, ‘अ बिटर टेस्ट ऑफ फ्रीडम’, २०११. अ‍ॅना पोलितकोव्स्काया, मॉस्कोतलं ‘नोवाया गाझेता’ हे वृत्तपत्र, चेचन्यातलं युद्ध. दिग्दर्शक मरिना गोल्डोव्स्काया त्या घराला जुन्या काळापासून ओळखत होती. अ‍ॅनाचा नवरा तिचाच विद्यार्थी. म्हणून त्यात घर आहे, थकलेली बाई आहे, मुलांबद्दलची काळजी आहे. २००४ मध्ये बेसलानला, शाळेत ओलीस धरलेल्या मुलांकडे जाताना, विमानात चहा प्यायल्यावर ती बेशुद्ध पडली. त्यातून वाचली. ७ ऑक्टोबर २००६ ला वाणसामान घेऊन घरी आली आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये तिला गोळ्या घातल्या. तीन दिवसांनी पुतिन जर्मनीत म्हणाले की रशियाच्या राजकारणावर तिचा प्रभाव अगदीच नगण्य होता. मग मारायला माणसं कशाला लागली, असं आमच्या क्लासात एका आजींनी मोठ्यानं विचारलं होतं. तिचा अर्धवट राहिलेला मजकूर, चेचन्यातल्या छळाबद्दलचा, १२ ऑक्टोबरला तिच्या वृत्तपत्रानं तसाच अर्धवट छापला. २०१४ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली. सुपारी कुणाची, ते पुढे आलं नाही. त्या पाचांपैकी एकाला युक्रेनच्या लढाईत उतरल्याबद्दल २०२३ मध्ये माफी मिळाली.

तिसरी, ‘द किलिंग ऑफ अ जर्नलिस्ट’, २०२२. स्लोव्हाकियातला यान कुत्सियाक, वय २७. त्याला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला, मार्तिना कुश्नीरोव्हाला, २१ फेब्रुवारी २०१८ ला त्यांच्या राहत्या घरात मारलं. मला हा मुलगा फार जवळचा वाटला, कारण तो हातात माइक घेऊन धावणाऱ्यांतला नव्हता. कंपन्यांची नोंदणी, जमिनीचे उतारे, अनुदानाच्या याद्या काढून बसायचा. आपल्याकडे सात-बारा आणि फेरफार धुंडाळणारे कारकुनी वळणाचे बातमीदार असायचे, त्या जातीचा. त्याचीही शेवटची बातमी अर्धीच राहिली होती, इटालियन माफिया आणि सत्तेतली माणसं यांच्या संबंधांबद्दलची. सहकाऱ्यांनी ती छापली.

आता फिल्म बाजूला ठेवून एक. श्रीलंकेत ‘संडे लीडर’चे संपादक लसंथा विक्रमतुंगे यांना ८ जानेवारी २००९ ला कोलंबोत कामावर जाताना मारलं. ११ जानेवारीच्या अंकात त्यांच्याच नावाचं संपादकीय आलं. आपल्याला मारतील, आणि मारेल ते सरकारच, असं त्यात आधीच लिहून ठेवलेलं. राष्ट्राध्यक्ष त्यांचा जुना मित्र, त्याला उद्देशूनही मजकूर आहे. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. त्या पानाचं प्रूफ कुणी वाचलं असेल? त्यात एखादी चूक सापडली असेल तर तिनं ती सुधारली असेल का? मी सुधारली असती. हात थांबला नसता, याची मला जरा लाजच वाटते.

आमच्याकडे एक तालुका वार्ताहर होते. एसटीच्या कंडक्टरबरोबर पाकीट पाठवायचे, स्वारगेटहून आमचा शिपाई ते आणायचा. वाळूच्या ट्रकांबद्दल लिहीत. एकदा दहा दिवस पाकीट आलं नाही. मग आलं ते वेगळ्याच अक्षरात, गोल गोल, शाळकरी, प्रत्येक ओळ पट्टी ठेवून लिहिल्यासारखी. मजकूर त्यांचाच, वळण त्यांचंच, ‘बेसुमार’ हा त्यांचा लाडका शब्दही जागच्या जागी. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता आणि सातवीतली मुलगी लिहून घेत होती. तीन महिने बातम्या तिच्या अक्षरात आल्या. ऱ्हस्व-दीर्घ तिचं वडिलांपेक्षा बरं होतं. आमच्या वृत्तपत्रात त्या मारहाणीची बातमी आली का? आली, डाक आवृत्तीत, दोन इंच.

आणि आता आई. तिची भीती खोटी नाही, तेव्हा ‘आपल्याकडे असं होत नाही’ असं तिला सांगू नकोस. कोर्सचं तुमचं तुम्ही ठरवा. फक्त तिला ‘द अ‍ॅग्रोनॉमिस्ट’ दाखव, आणि तू शेजारी बस.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला अशा फिल्म दाखवाव्यात का?
— एक आई, सिंहगड रस्ता

‘द डिसिडेंट’ नको. त्यात आतल्या संभाषणाचा लेखी उतारा पडद्यावर येतो. मोठ्या माणसांनाही तो झोपू देत नाही. त्याला काही दाखवायचंच असेल तर ‘रायटिंग विथ फायर’ दाखवा, २०२१ चा, बुंदेलखंडात ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र चालवणाऱ्या दलित बायांवरचा. त्यात या बातमीदार बायांपैकी कुणी मरत नाही. मोबाइलवर बातमी कशी करतात ते दिसतं आणि पोलीस ठाण्यात प्रश्न कसा विचारावा तेही. तो तुम्हालाच प्रश्न विचारायला लागला तर मला पत्र लिहू नका.

हे सगळे माहितीपट एकतर्फी असतात. सरकारची बाजू कुठं असते? शिवाय पाश्चात्त्यांनी स्वतःच्या घरात बघावं. दुसऱ्यांच्या देशातली धुणी धुण्यात त्यांना भारी रस. मी अभियंता होतो, मला दोन्ही बाजूंचे आकडे लागतात.
— एक निवृत्त वाचक, कर्वेनगर

पत्र चार पानी होतं, छोटं केलं. राग नसावा.

बाजू मांडायला सरकारला वेळ भरपूर मिळाला होता. सौदी सरकारनं आधी सांगितलं, खशोगी वकिलातीतून बाहेर पडले. मग २० ऑक्टोबरला सांगितलं, आत हातघाई झाली आणि त्यात गेले. पाच दिवसांनी त्यांच्याच सरकारी वकिलांनी म्हटलं, हे आधी ठरवून केलेलं दिसतं. तीन आठवड्यांत तीन बाजू. दिग्दर्शकानं कोणती घ्यायची? तिथल्या कोर्टात आठ जणांना शिक्षा झाली. पाच फाशीच्या शिक्षा २०२० मध्ये वीस वीस वर्षांच्या कैदेवर आल्या. राजपुत्र मोहम्मद बिन सलमान यानं हुकूम दिल्याचं ते सरकार नाकारतं. त्यानं कारवाईला मंजुरी दिली असा अमेरिकी गुप्तचरांचा निष्कर्ष २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला.

एकतर्फीपणाचा आरोप मात्र मी अगदीच उडवून लावणार नाही. ‘द डिसिडेंट’मधला बराच ऐवज तुर्की तपासातून आलेला आहे. आणि त्याच काळात जगात सर्वांत जास्त पत्रकार तुरुंगात होते ते तुर्कस्तानातच. २०१६ ते २०१८, तिन्ही वर्षं. फिल्म त्यावर पुरेशी थांबत नाही, हे मला खटकलं. पार्श्वसंगीतही हाणामारीच्या चित्रपटासारखं. माश्या आणि मधमाश्यांचं ते संगणकी युद्ध एकदा दाखवून भागलं असतं. (सौदी ट्रोलांच्या फौजेला माश्या म्हणत, आणि त्यांना तोंड द्यायला माँट्रियालमधल्या ओमर अब्दुलअजीझ या तरुणानं खशोगींच्या मदतीनं मधमाश्या उभ्या केल्या, अशी ती गोष्ट.)

पाश्चात्त्यांच्या घराबद्दल म्हणालात. हतीजे जंगीझनं अमेरिकेत राजपुत्रावर दावा लावला होता. २०२२ मध्ये अमेरिकी सरकारनंच कोर्टाला कळवलं की त्याला पदामुळे संरक्षण आहे. डिसेंबरात दावा निकालात निघाला. गुप्तचर खातं बोट दाखवतं आणि त्याच देशाचं परराष्ट्र खातं हात धरतं. तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं मान्य.

आणखी एक आकडा घ्या, तुम्हाला आवडतात म्हणून. ‘द डिसिडेंट’चा दिग्दर्शक ब्रायन फोगेल याच्या आधीच्या माहितीपटाला, ‘इकॅरस’ला, २०१८ मध्ये ऑस्कर मिळालं होतं. तो नेटफ्लिक्सवरच होता. पुढचा ‘द डिसिडेंट’ जानेवारी २०२० मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला, लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. त्यानंतर कुठल्याही मोठ्या कंपनीनं तो घेतला नाही. शेवटी एका छोट्या वितरकानं वर्षअखेरीला तो थिएटरात लावला. बंदी कुणीही घातली नव्हती.

हे मला चांगलं समजतं. आमचा रविवार पूर्वी पेठेतल्या एका सभागृहात भरायचा. भाडं बाराशे, पंखे धरून. ‘द डिसिडेंट’ लावायचं ठरलं, पावती फाडली, आणि शुक्रवारी व्यवस्थापकांचा फोन आला. छत गळतंय म्हणाले. मार्च महिना. मी म्हटलं, कशानं गळतंय हो? म्हणाले, ताई, पैसे पूर्ण परत देतो. दिलेही, पावतीवर ‘तांत्रिक कारण’ असा शेरा मारून. ‘तांत्रिक’मधला ‘त्रि’ ऱ्हस्व की दीर्घ यावर ते अडले, तोही मीच सांगितला. रविवारी तिथून गेले तर साड्यांचा सेल लागला होता, त्याच छताखाली. कुणी दमदाटी केली असेल असं मला वाटत नाही. कुणाचा फोनही आला नसेल. त्यांना नुसतं वाटलं असेल, कशाला.

त्या रविवारी आम्ही मैत्रिणीच्या क्लासात गेलो आणि तिथलेच झालो. इझल भिंतीला लावायची, टर्पेंटाइनचा वास सहन करायचा, आणि पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर मारायचा. भिंतीवर वर उजवीकडे कुणा मुलाच्या ब्रशचा निळा डाग आहे, तो काही जात नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक फिल्ममध्ये तो असतो. इस्तंबूलच्या आकाशात असतो, मॉस्कोच्या बर्फावर असतो, एकदा तर बरोबर पुतिनच्या कपाळावर आला होता.

(पोस्टकार्डावर एकच ओळ) असल्या फिल्म बघून आजवर कुणाला शिक्षा झाली का?
— एक वाचक, भोसरी

फिल्ममुळे झाल्याचं एकही उदाहरण माझ्यापाशी नाही. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार पत्रकारांच्या खुनांपैकी ८५ टक्के प्रकरणांचा छडा लागलेला नाही. स्लोव्हाकियात कुत्सियाकच्या खुनानंतर लोक रस्त्यावर आले आणि महिन्याभरात पंतप्रधान रॉबर्ट फिको यांना जावं लागलं, पण ते लोकांमुळे. फिल्म चार वर्षांनी आली. खून करणारा तुरुंगात आहे. करवून घेतल्याचा आरोप असलेला उद्योगपती २०२० आणि २०२३ मध्ये, दोन्ही वेळा निर्दोष ठरला होता. फिको २०२३ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले.

पोस्टकार्ड पाठवल्याबद्दल आभार. हल्ली मिळतात कुठं?

मी रोज सकाळी ओंकारेश्वराच्या पुलावरून फिरायला जातो. डॉ. दाभोलकर गेले तिथं थांबतो. हैती आणि रशियाच्या फिल्म बघता, आपल्या माणसांचं काय?
— एक वाचक, शनिवार पेठ

बरोबर विचारलंत. तो पूल माझ्याही रस्त्यात आहे.

आधी एक फरक करू. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे ‘साधना’चे संपादक होते, पण त्यांचा मुख्य लढा सरकारविरुद्ध नव्हता, अंधश्रद्धेविरुद्ध होता. त्यांना सरसकट ‘सरकारवर टीका केली म्हणून मारलं’ या रांगेत बसवणं चुकीचं. प्रूफात मी तिथं खूण केली असती. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेले असताना पुलावर गोळ्या घातल्या. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. पावणेअकरा वर्षं लागली. ज्या कायद्यासाठी ते अठरा वर्षं खेपा घालत होते, त्याचा अध्यादेश मात्र खुनानंतर आठवड्याच्या आत निघाला.

पण माझा प्रश्न इथंही तोच. पूल सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी काय लिहिलं, हे किती जणांना? हा आपल्या पुण्याचा जुनाच दोष. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षं मंडालेला धाडलं हे पोराटोरांना माहीत असतं. ज्या लेखांपायी धाडलं, ते ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’, ते वाचलेला माणूस मला केसरीच्या गायकवाड वाड्यात भरलेल्या गर्दीतही क्वचित भेटला. ‘साधना’चे जुने अंक आता घरबसल्या वाचता येतात. मी गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांची संपादकीयं ओळीनं काढून वाचली. शांत गद्य आहे. उद्गारचिन्ह शोधून सापडत नाही, आणि मुद्रितशोधकाला याहून मोठं कौतुक करता येत नाही.

सत्तेच्या अंगानं बघायचं तर आपल्या राज्यातलं अलीकडचं एक नाव राजापूरच्या शशिकांत वारिशे यांचं. ‘महानगरी टाइम्स’मध्ये ते रिफायनरीच्या वादाबद्दल सातत्यानं लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्यांची बातमी छापून आली. गुन्हे दाखल असलेल्या एका माणसाचे बड्या नेत्यांबरोबरचे फोटो बॅनरवर झळकतात, अशी. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते गेले. त्यांनी ज्याच्याबद्दल लिहिलं होतं त्यालाच अटक झाली. न्यायालय काय ते ठरवेल, मी ठरवणार नाही. पण शेवटची कॉपी आणि मृत्यू यांच्यात पंधरवड्याचं अंतर असू शकतं, तसं काही तासांचंही.

बंगळूरच्या गौरी लंकेश यांच्यावर त्यांची बहीण कविता लंकेश यांनीच माहितीपट केला आहे, नाव ‘गौरी’, २०२२ चा. ५ सप्टेंबर २०१७ ला घराच्या दारात त्यांना मारलं. त्यांचं शेवटचं संपादकीय खोट्या बातम्यांच्या कारखान्यांबद्दल होतं. बहिणीनं केलेली फिल्म तटस्थ असणार नाही, हे कर्वेनगरच्या वाचकांनी लिहिण्याआधी मीच लिहून टाकते.

तुम्ही सकाळी थांबता तिथं मीही कधीकधी थांबते. पावणेसातला असाल तर मी निळी छत्री. ऊन असलं तरी असते.

मागच्या अंकात ‘खशोगी’ छापलंय, दुसरीकडे ‘खाशोगी’ वाचलं, वृत्तवाहिन्या ‘खशोग्गी’ म्हणतात. आयुष्यभर मुद्रितशोधन केलेल्या बाईंनी तरी एकदा ठरवावं.
— एक चिकित्सक, सदाशिव पेठ

वाटच बघत होते तुमची.

अरबी उच्चार ‘खाशुग्जी’च्या जवळपास जातो. घराणं मूळचं तुर्की. तुर्कीत ते ‘कशिकची’, म्हणजे चमचे बनवणारा. (चित्रकलेच्या क्लासात हे सांगितल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, ‘आणि स्वतः कुणाचा झाला नाही.’ पण तेही पूर्ण खरं नाही. दरबाराच्या आतल्या वर्तुळात त्यांची बरीच वर्षं गेली होती. आजोबा राजाचे खासगी डॉक्टर.) मराठीत ‘खशोगी’ रुळलंय, तेच ठेवलंय. आमच्या खात्याचा नियम असा होता, की परकं नाव कसंही लिहा, पण पहिल्या पानावर एक आणि सातव्यावर दुसरं नको.

मागच्या अंकात मात्र चौथ्या ओळीत ‘वकिलातीत’ऐवजी ‘वकिलतीत’ पडलंय. तुमच्या नजरेतून ते सुटलं, माझ्याही. प्रूफ मीच वाचलं होतं.